वादळ मात्र अख्खं

इंग्लंडात लेकीकडे गेलेल्या मराठी आईवडिलांचा कार्यक्रम ठरलेला असतो: लंडन आय, मादाम तुसाँ, स्टोनहेंज आणि उरलेले दिवस खिडकीतून पाऊस. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरे परगण्यात मुक्कामाला असलेल्या कल्याणच्या एका काकांच्या वाट्याला मुख्यत्वे शेवटचं स्थळ आलं. काका मध्य रेल्वेतले निवृत्त पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांची देखरेख करणारे निरीक्षक. रुळांवरून ट्रॉलीत बसून फिरण्यात जन्म गेलेला, त्यामुळे नुसतं बसून राहणं त्यांना जमत नाही.

त्या देशात २०१५ पासून वादळांना आद्याक्षरांच्या क्रमाने नावं देतात. काकांच्या मुक्कामात डडली, युनिस आणि फ्रँकलिन पाठोपाठ आले. एका आठवड्यात नाव दिलेली तीन वादळं, हे तोवर घडलं नव्हतं. १८ तारखेच्या शुक्रवारी युनिसने लंडनच्या ओटू सभागृहाचं छप्पर फाडलं. आइल ऑफ वाइटच्या नीडल्सवर वाऱ्याचा झोत ताशी १९६ किलोमीटरवर गेला. हीथ्रोवर विमानं डुलत डुलत कशी टेकतात याचं थेट प्रक्षेपण एका वेळी दोन लाखांवर माणसं पाहत होती. “आत बसलेल्यांचं काय होत असेल, आणि ही माणसं चहा पीत बघतायत,” काकू म्हणाल्या. त्याही चहा पीत बघतच होत्या.

त्याच दुपारी शेजाऱ्याच्या कुंपणाची फळी त्याच्या रेल्वेवर आडवी झाली.

रेल्वे बागेतली. ३२ मिलिमीटर गेज, एका फुटाला १६ मिलिमीटर हे प्रमाण, म्हणजे सगळं साधारण एकोणीस पटींनी लहान. इंजिन खरोखर वाफेवर चालणारं, खाली गॅसची शेगडी. शनिवारी सकाळी काका मदतीला निघाले. अंतर सुमारे चाळीस मीटर, वाहन स्वतःचे गुडघे. ज्यांना एकेकाळी चार ट्रॉलीमन ढकलत नेत, ते साहेब ओल्या हिरवळीवर रांगत सांधे तपासू लागले. “अहो, गुडघ्याखाली उशी तरी घ्या!” असं काकू कुंपणावरून ओरडल्या. कुंपण नसल्यामुळे आवाज छान पोचला.

पाहणीत काकांना या रेल्वेची खरी अडचण कळली. इंजिन, पूल, स्टेशन सगळं लहान केलेलं, पण हवामान लहान करायचं राहून गेलं होतं. सहा फुटी फळी पुलावर पडते, तेव्हा तिथल्या प्रवाशांच्या हिशेबाने ती एकशे चौदा फुटी असते. पावसाचा तीन मिलिमीटरचा थेंब सहा सेंटिमीटरच्या आसपास जातो. आणि किडे शोधताना खडी उधळणारा तो काळा कस्तुर, चोच ते शेपूट पावणेपाच मीटर! कल्याणच्या यार्डात गाईगुरं हाकलायची सवय असलेले काकाही इथे जरा थबकले.

फळी उचलली, वाकलेला रूळ कापून नवा तुकडा घातला, सांध्यात उन्हाळ्याच्या प्रसरणापुरती फट ठेवली. रुळांत वीज नसल्याने तारा जोडायची भानगड नव्हती, पण लेव्हल चोख हवी. असलं इंजिन उतारावर बेफाम सुटतं आणि चढावर धापा टाकतं. खडी म्हणून कोंबड्यांना खाऊ घालतात ते बारीक खडे आले. त्यांत कोरडं सिमेंट मिसळून ब्रशने पसरायचं, वरून पाण्याचा हलका फवारा. रविवारी दुपारी काम संपलं. “आधी पाण्याचं बघा, चर खणा,” असं काका दोन दिवस सांगत होते. यजमान अत्यंत सभ्यपणे “उत्तम कल्पना” म्हणत राहिला. इंग्रज माणूस असं म्हणाला की काम होणार नाही, हे लेकीने नंतर सांगितलं.

रविवारी रात्री फ्रँकलिन आला आणि न वाळलेलं सिमेंट खड्यांसकट गुलाबाच्या वाफ्यात नेऊन ठेवलं. पुढच्या शनिवारी आधी चर खणला गेला.

गाडी सोडण्यापूर्वी काकांनी नियमाप्रमाणे ताशी वीस किलोमीटरची कॉशन ऑर्डर, म्हणजे तात्पुरती वेगमर्यादा, काढली. एकोणिसाने भागल्यावर ती जेमतेम ताशी एक किलोमीटर झाली. इतक्या सावकाश चालणं त्या इंजिनाला जमेना. शेवटी साहेबांनी स्वतःच्या अधिकारात वेगमर्यादा वाढवली.

चहाच्या वेळी यजमानाला कळलं की त्याचे ३२ मिलिमीटर म्हणजे बरोबर दोन फुटी गेज, नेरळ-माथेरानचं. १९०७ ची ती एकवीस किलोमीटरची लाइन त्याच प्रमाणात मांडायची तर बाग अकराशे मीटर लांब लागेल, हा हिशेब त्याने लगेच केला आणि बायकोकडे बघून लगेच सोडून दिला. मग त्याने विचारलं, तिथे पावसाने रूळ वाहून गेले तर किती दिवस लागतात? काकांनी बिस्किट चहात बुडवलं आणि हवामानावर बोलायला सुरुवात केली. २०१९ च्या पावसात उखडलेल्या त्या मार्गावर नेरळहून माथेरानपर्यंत गाडी पुन्हा धावली, ती ऑक्टोबर २०२२ मध्ये.