दिवे लावण्याची घरगुती पद्धत

गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या हेडलाइटच्या काचा पारदर्शक असतात. हा कंपनीचा निव्वळ आळस आहे, असं मानणारा मोठा वर्ग आपल्याकडे आहे आणि प्रस्तुत मार्गदर्शन त्या वर्गासाठीच आहे. रात्री समोरचा रस्ता दिसावा एवढीच ज्यांची माफक अपेक्षा असेल त्यांनी पुढे वाचू नये. त्यांच्यासाठी गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तिका मिळते. ती ग्लोव्ह बॉक्समध्ये सापडेल, बहुधा अजून प्लास्टिकच्या पिशवीतच.

कामाला हात घालण्याआधी साधकाने आपला पंथ ठरवावा. पहिला कृष्णपंथ. यात संपूर्ण काचेवर धुरकट काळा थर देतात. बाजारात त्याला 'स्मोक' म्हणतात. दुसरा पीतपंथ. यात फॉग लाइट पिवळे करायचे आणि विचारणाऱ्याला "पावसाळ्यात घाटात बरं पडतं" असं सांगायचं. तिसरा भुवईपंथ. काचेच्या वरच्या कडेला तिरपा काळा पट्टा ओढला की गाडी रागावल्यासारखी दिसते, आणि हप्ता भरणाऱ्या माणसाला घरात कुणीतरी रागावू शकतं याचं समाधान मिळतं. (थेट बल्बलाच रंग फासणारा एक चौथा पंथही आहे. पेटलेल्या हॅलोजन बल्बची काच अडीचशे अंशांच्या वर तापते, त्यामुळे त्या पंथात परंपरा टिकत नाही, फक्त वास टिकतो.)

तिन्ही पंथांची मूळ धारणा एकच. दिव्याने बघायचं असतं, हा सामान्यांचा समज. दिव्याकडे बघायचं असतं, हे साधकाला उमगलेलं असतं. तसा हिशेबही त्याच्याच बाजूने आहे: गाडी दिवसाचा बहुतेक वेळ उभी असते, आणि उभ्या गाडीच्या हेडलाइटकडून रस्ता दिसण्याची अपेक्षा कोण करतो?

कृष्णपंथाला आपल्याकडे राजाश्रयाचा इतिहास आहे. डिसेंबर 1971 च्या युद्धात मुंबईत ब्लॅकआउट होता. खिडक्यांना काळे कागद लागले आणि गाड्यांच्या हेडलाइटना काळा रंग. शत्रूच्या विमानाला गाडी दिसू नये, हा उद्देश. युद्ध 13 दिवसांत संपलं आणि लोकांनी रंग खरवडून काढला. आता नागरिक सरकारी हुकुमाची वाट बघत नाहीत. स्वखर्चाने काळोख करतात, आणि विमानाच्या ऐवजी समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला आपली गाडी दिसू नये अशी व्यवस्था होते.

साहित्य आणि खरेदी

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. इतरत्र जिथे सीट कव्हर आणि डॅशबोर्डवरचे गणपती एकाच काउंटरवर मिळतात ते कुठलंही दुकान. तिथे "हेडलाइटला मारायचा काळा स्प्रे आहे का?" असं विचारू नये, नवखेपणा उघडा पडतो. "स्मोक दाखवा" म्हणावं. दुकानदार गाडी कुठली ते विचारेल. कुठलीही सांगितली तरी "खतरनाक दिसेल दादा, कालच एक जण घेऊन गेला" हेच उत्तर येतं. तो कालचा माणूस परत दुकानात आला होता का, हे विचारण्याची पद्धत नाही.

याशिवाय मास्किंग टेप, वॉटर पेपर आणि रद्दी लागते. रद्दीत रविवारची पुरवणी सर्वोत्तम. पानं मोठी असतात आणि घरात कुणी वाचत होतं अशी तक्रार येत नाही.

कृती

काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी दहानंतर करावं. त्याआधी केल्यास बघायला कोणी नसतं.

सर्वप्रथम बंपर आणि बॉनेट पेपर लावून झाकावं. मग घासणी. इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कामाचा कणा हाच आहे. हल्लीच्या हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची असते. तिच्यावर कारखान्यात एक कडक पारदर्शक थर चढवलेला असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक पिवळं पडू नये आणि धूळ-खड्यांनी चरे उठू नयेत म्हणून. या थरावर घरचा रंग नीट धरत नाही. तेव्हा आधी तो थर घालवावा लागतो. 800 नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करावी, पाणी मारत मारत 1000, 1500, 2000 असं चढत जावं. काच धुरकट होत जाईल, हात भरून येतील आणि पाण्याबरोबर पांढरट राळ ओघळेल. ती राळ म्हणजेच तो थर. तो पुन्हा चढवण्यासाठी अतिनील किरण अडवणारं खास क्लिअर कोट लागतं, आणि ते न लावल्यास काच काही महिन्यांत पिवळी पडू लागते. पण साधकाने मागे वळून पाहू नये.

यानंतर काच पुसायला काही जण घरात दरवाजे रंगवताना उरलेला थिनर आणतात. काही जणी नेलपॉलिश काढायची बाटली देतात, तिच्यात बहुधा ॲसिटोन असतं. पॉलिकार्बोनेट आणि ही मंडळी एकत्र आली की काचेत केसासारख्या भेगांचं जाळं उमटतं आणि ती दुधाळ होते. हा परिणाम कायमचा असतो. सुदैवाने काळ्या रंगाखाली तो झाकला जातो; कृष्णपंथात कित्येक जणांचा प्रवेश याच मार्गाने होतो.

फवारताना डबा वीतभर लांब धरावा आणि पातळ हात मारावेत. एक हात सुकला की दुसरा. दुसऱ्या हाताला काच छान धुरकट दिसते आणि खरं तर इथेच थांबायचं असतं. पण त्याच सुमारास वरच्या मजल्यावरची मुलं खाली येतात आणि "दादा, अजून काळी कर ना" म्हणतात.

पार्किंगमध्ये याच वेळी शेजारच्या गाडीपाशी एक काका बनियनवर उकिडवे बसलेले आढळतील. त्यांच्या गाडीची आठ वर्षं उन्हात गेली आहेत, हेडलाइट हळदुले झाले आहेत आणि ते जुना टूथब्रश घेऊन काचेवर टूथपेस्ट घासत आहेत. (टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे काच थोडे दिवस खरंच उजळते. तो संरक्षक थर मात्र टूथपेस्टमधून येत नाही.) साधक पीतपंथी असेल तर संवाद होतो:

"काय रे, पिवळे करतोयस?"

"हो काका, फॉग लाइट."

"मग माझे घेऊन जा की. आमचे फुकटात झालेत."

हसावं आणि काम चालू ठेवावं.

ज्यांना बाहेरच्या रंगाने समाधान होत नाही ते हेडलाइट उघडून आतली चंदेरी चौकट काळी करतात. त्यासाठी पूर्ण हेडलाइट काढून ओव्हनमध्ये तापवतात. काच बुटाइलच्या चिकट पट्टीने बसवलेली असेल तर ती मऊ होऊन सुटते. कायमच्या चिकटाने बसवलेली असेल तर सुटत नाही, तुटते. आतल्या आरशावर ॲल्युमिनियमचा इतका पातळ मुलामा असतो की त्याला बोट लावलं तरी डाग राहतो. परत बसवताना पट्टी कुठे जरी उचललेली राहिली तरी पहिल्या पावसात आत दहिवर धरतं. घरचा ओव्हन वापरल्यास त्यात पुढे केक होत नाही, चर्चा होते.

पीतपंथाची शास्त्रीय बाजू

पीतपंथी हा तिघांत सर्वांत वाद घालणारा, म्हणून त्याच्याशी शास्त्रानेच बोलावं. त्याचं म्हणणं असं की पिवळा प्रकाश धुक्यातून आरपार जातो, निळा विखुरतो. आकाश निळं का दिसतं ते शाळेत शिकलो नाही का? शिकलो. पण आकाशात प्रकाश विखुरतो तो हवेच्या रेणूंवरून, आणि रेणू प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी लहान असतात. धुक्याचे थेंब काही मायक्रॉनपासून काही दहा मायक्रॉनपर्यंतचे, लहर मात्र जेमतेम अर्ध्या मायक्रॉनची. एवढ्या मोठ्या थेंबाला पिवळा आणि निळा दोघंही सारखेच. तो सगळ्यांनाच उधळून लावतो. आंबोलीचं धुकं रंग बघून वाट देत नाही.

पिवळा प्रकाश डोळ्याला कमी टोचतो असं पुष्कळांना वाटतं, तेवढं मान्य करू. फ्रान्सने तर 1936 च्या हुकुमाने सगळ्यांचे हेडलाइट पिवळे केले आणि 1993 पर्यंत ते चालवले. इंग्लंडहून बोटीने तिकडे जाणारे लोक काचेला पिवळं लॅकर फासून जात आणि परतल्यावर पुसून टाकत. घरगुती पीतपंथाचे ते आद्यपुरुष. अखेर युरोपातल्या बाकी देशांबरोबर फ्रान्सही पांढऱ्यावर आला.

फॉग लाइट धुक्यात उपयोगी पडतो तो रंगामुळे नव्हे, जागेमुळे. तो बंपरमध्ये खाली बसवलेला असतो, त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो आणि वरच्या बाजूने सुरीने कापल्यासारखा तुटलेला असतो. त्यामुळे डोळ्यासमोरच्या धुक्यावर प्रकाश आपटून परत येत नाही आणि कडेचा पांढरा पट्टा दिसत राहतो. ब्रशने जाडजूड पिवळा रंग मारला की तो कापलेला झोत फिस्कटतो, आणि उरलेला उजेड सगळीकडे समान वाटला जातो. हा समाजवाद कशेडी घाटात फार जाणवतो.

चाचणी

संध्याकाळी गाडी सपाट जागी भिंतीकडे तोंड करून उभी करावी आणि लो बीम लावावा. आपल्याकडे लो बीमचा झोत उजवीकडे खाली राहतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात जात नाही, आणि डावीकडे थोडा वर चढतो. डावी कड उजळावी म्हणून ही योजना आहे, कारण तिथे पायी चालणारा असतो, सायकलवाला असतो, आणि ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असते. हेडलाइटमधल्या आरशाचा एकेक पैलू रस्त्याच्या एकेका तुकड्यासाठी नेमलेला असतो. त्यामुळे भुवई काढताना आपण नेमका कुणाला पुसून टाकला, पादचाऱ्याला की ट्रॉलीला, हे भिंतीवर बघून घ्यावं. रस्त्यावर बघायला वेळ कमी मिळतो.

कायद्याची भीती बाळगू नये, ओळख ठेवावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 106 व्या नियमात एक काल्पनिक माणूस आहे. तो दिव्यापासून 8 मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला उभा असतो, त्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतात, आणि त्याचे डोळे दिपता कामा नयेत एवढीच सरकारची इच्छा आहे. पीतपंथीयाने या माणसाचा विचार करावा. कृष्णपंथीयाने स्वतःचा करावा. पुढच्या बाजूला लाल रंगाचा मोह टाळावा, तो दिवा मागचा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडीत परवानगीविना फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरबदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन हेडलाइट आणि दोन फॉग लाइट मिळून फेरबदल एक की चार, हा मुद्दा हवालदारासमोर आपणहून काढू नये.

बेस मॉडेलवाल्यांसाठी विशेष सूचना

बेस मॉडेल घेतलेल्यांना फॉग लाइट मिळतच नाहीत. त्या जागी बंपरमध्ये काळ्या प्लास्टिकचं गोल झाकण असतं. हा वर्ग स्वतःला उगाच दुर्दैवी समजतो. वास्तविक या कलेसाठी त्याच्याइतकी आदर्श स्थिती कुणाचीच नाही. त्या झाकणावर चंदेरी गोल काढावा, आत पिवळा भरावा, मधोमध पांढरा ठिपका देऊन चमक दाखवावी. दुरून अस्सल फॉग लाइट वाटतो. तापत नाही, त्यात पाणी जात नाही, कुणाचे डोळे दिपवत नाही आणि धुक्यात पीतपंथीयाच्या फॉग लाइटपेक्षा फार कमी उजेड देतो असंही नाही. बॅटरीवर भार शून्य. अंगात चित्रकला नसेल तर शाळेत जाणाऱ्या भाचीकडून करून घ्यावं.

रंग काढणे

हा टप्पा बहुतेक मार्गदर्शक गाळतात, पण तो प्रत्येकाच्या आयुष्यात येतो. बहुधा रात्री खंबाटकीतून एकदा जाऊन आल्यावर. थिनरने रंग निघतो आणि भेगा राहतात. वॉटर पेपरने रंग निघतो आणि काच आंधळी होते. मग रबिंग कंपाऊंड, बफिंग आणि पुन्हा क्लिअर कोट असा मोठा प्रवास. सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केल्यास नुसती काच मिळत नाही, पूर्ण हेडलाइटच घ्यावा लागतो, असं शांतपणे सांगितलं जातं आणि एक आकडा येतो. तो घरी सांगताना दोन हेडलाइटचा मिळून न सांगता एकाचाच सांगावा.

जुने हेडलाइट भंगारात देऊ नयेत. सेकंडहँडच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक असतं. जाहिरातीत 'स्पोर्ट्स लुक, एकच मालक, हाताने केलेलं काम' असं लिहावं. फोटो दिवसा काढावा.