साठ तास, एक प्रयोगशाळा

बीएस्सीचा रसायनशास्त्र विभाग चालवायला रसायनशास्त्रापेक्षा त्रैराशिक चांगले असावे लागते. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास. म्हणजे दोन क्रेडिटचे ६० तास सत्राच्या १५ आठवड्यांत बसवायचे, तर आठवड्याला चार. प्रथम वर्षाला १२० मुले आणि २० ची बॅच धरली, की सहा बॅचेसचे २४ तास होतात. प्रयोगशाळा एकच. द्वितीय आणि तृतीय वर्षही असते, हे टाइमटेबल लावणाऱ्याला इथे आठवते.

हे काम विभागात सर्वांत नव्याने रुजू झालेल्याकडे जाते, कारण नाही म्हणण्याइतकी ज्येष्ठता त्याच्याकडे नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर त्याच्या कागदावर मेजर, मायनर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे बरेच पाहुणे आले. शिवाय ओपन इलेक्टिव्ह घ्यायचे ते दुसऱ्या विद्याशाखेतले. त्यामुळे मंगळवारी अकराला टायट्रेशन ठेवावे की नाही, हे आता वाणिज्यवाल्यांना विचारून ठरते. एवढे करून टाइमटेबल फळ्यावर लागते, तोवर इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या उरकतात आणि सहा बॅचेसच्या चार होतात. प्रयोगशाळेला श्वास मिळतो. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचा मात्र अडकतो, कारण वर्कलोड आटला की पहिली गदा त्याच्यावर.

विभागप्रमुख सह्या करतात. विभाग चालवतात ते लॅब अटेंडंट मामा. कोणत्या ब्यूरेटचा नळ गळतो आणि फुटलेल्या पिपेटचे पैसे कोणी बुडवले, हे त्यांना तोंडपाठ असते. सत्राअखेर जर्नलांची चळत येते. जुलैचा प्रयोग, जुलैचीच तारीख, आणि शाई इतकी ताजी की विभागप्रमुखांच्या बाहीला लागते. प्रमाणपत्रावर सही होते, कारण नाही केली तर मूल परीक्षेला बसणार नाही आणि पालक केबिनमध्ये येऊन बसतील.

परीक्षेला बहिस्थ परीक्षक येतात. त्यांच्या पोह्यांची व्यवस्था चोख असते. डिस्टिल्ड वॉटर ऐन वेळी संपते. नॅकसाठी सगळ्याचे जिओटॅग केलेले फोटो लागतात, त्यात पोहे येऊ नयेत याची दक्षता घेतली जाते.

वर्षाअखेरीस स्टॉक तपासणी. कपाटावर धूळ खात पडलेला मोडका केमिकल बॅलन्स डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ठणठणीत असतो. तो भंगारात काढायला समिती लागते, समितीला कोरम लागतो, आणि कोरममधले निम्मे तेव्हा पेपर तपासायला गेलेले असतात. म्हणून ‘स्थिती’ या रकान्यात यंदाही ‘ठीक’ असे लिहून सही होते.