पद्मिनीची अधोगती

ज्या देशात पाच मजल्यांचा परवाना मिळविलेला घरबांधणीवाला सहाव्या मजल्याचे पत्रे आधीच आणून ठेवतो, बढतीचा हुकूम हाती पडताच अव्वल कारकून प्रथम आपल्या खुर्चीची उंची वाढवून घेतो, आणि लग्नमांडवात वधूवरांस अशा उत्तुंग व्यासपीठावर उभे करतात की पाहुण्यांच्या अक्षता त्यांच्या मस्तकांऐवजी पादत्राणांवरच पडाव्यात, त्या देशात एखाद्या गृहस्थाने पदरचे द्रव्य खर्चून आपले आसन चार बोटे खाली आणवावे, ही गोष्ट वैराग्याच्या दप्तरात नोंदवून ठेवण्याजोगी आहे. हा विरक्त पुरुष आमच्या कुळात जन्मला नसून विवाहसंबंधाने आला आहे, एवढे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. ते आमचे जावई.

2023 साली श्रावण अधिक आला. धोंड्याच्या महिन्यात जावयास तेहेतीस अनारसे आणि चांदीचे एखादे पात्र वाण म्हणून द्यावे ही रूढी. परंतु सराफाच्या दुकानातून रिकाम्या हाताने परतताना आमच्या मनात असा विचार आला की, आवारातील आंब्याखाली ताडपत्री पांघरून पडलेली 1974 ची पद्मिनी कोणत्याही चांदीच्या तबकाहून वजनाने खात्रीने भारी भरेल. कुटुंबाने या औदार्याकडे संशयाने पाहिले. जावईबापूंनी मात्र सद्गदित होऊन गाडीच्या टपावरून हात फिरविला. (त्या हातास कावळ्यांच्या कृपेने काय लागले, ते येथे नमूद करीत नाही.)

गाडीचे घराणे मोठे. इटलीच्या फियाट कंपनीने 1953 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेली 1100 ही तिची आजी. वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या वंशाची भारतीय शाखा नांदली, आणि काही काळ ‘प्रेसिडेंट’ या नावाने मिरवून झाल्यावर 1974 पासून तिला चितोडच्या राणीचे नाव लाभले, जरी लोक अखेरपर्यंत तिला ‘फियाट’च म्हणत राहिले. इंजिन 1089 सीसीचे, गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाला चिकटलेला. परंतु तिचे खरे वैभव तिच्या पोटाखाली होते. रस्ता आणि पोट यांच्यामध्ये तिच्या कर्त्यांनी जी मोकळी जागा राखली होती, तिच्या बळावर सात माणसे, दोन ट्रंका आणि परतीच्या प्रवासात आंब्यांच्या चार पेट्या एवढा संसार वाहून ती गावच्या ओढ्यातून पलीकडे जात असे, आणि जाताना तिचे पोट कशालाही शिवत नसे.

2023 च्याच ऑक्टोबरात मुंबईतील शेवटची काळीपिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत भरून सेवानिवृत्त झाली. वर्तमानपत्रांनी गहिवर काढला, आणि कालपर्यंत जी ‘सासऱ्यांची जुनी गाडी’ होती ती एका रात्रीत ‘क्लासिक’ झाली. माणसाच्या बाबतीत जे भाग्य मृत्युलेखापूर्वी उगवत नाही, ते गाडीला आपल्या जातभगिनीच्या निधनाने मिळाले.

“बाबा, गाडी उत्तम आहे, पण तिचा स्टान्स चुकलाय,” जावईबापू एके दिवशी म्हणाले. स्टान्स म्हणजे काय, असे विचारून अज्ञान प्रकट करणे सासऱ्याच्या पदास शोभणारे नसल्यामुळे आम्ही गंभीरपणे मान हलविली. त्यांनी चाक आणि मडगार्ड यांच्यामधील पोकळीत आपला पंजा घालून दाखविला. “एवढी फट? दोन बोटांवर मावली पाहिजे.” ज्या फटीमुळे आमच्या तीन पिढ्यांचे पाठीचे कणे सुरक्षित राहिले, ती सौंदर्यशास्त्रदृष्ट्या व्यंग आहे हे आम्हांस त्या दिवशी कळले.

मिस्त्रीच्या आवारात पुढे जे घडले त्याचे आम्ही प्रत्यक्ष साक्षी आहो. पद्मिनीच्या पुढील दोन चाकांना वळ्यांच्या स्प्रिंगा, मागे अखंड ॲक्सल आणि त्याखातर पाटे. मिस्त्रीने पुढील प्रत्येक स्प्रिंगचा दीड वेढा कापून टाकला, पाट्यांची कमान ठोकून उतरविली, आणि रबरी ठोकळे तासून बारीक केले. स्प्रिंगचा स्वभाव असा की वेढे कमी केले म्हणजे उरलेले अधिक ताठ होतात; कर्मचारीकपात झालेल्या कचेरीचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना यातील पदार्थविज्ञान निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. परिणामी गाडी खाली आली आणि कठीणही झाली. गुरुत्वमध्य उतरल्याने वळणावर गाडी कलत नाही, हा जावईबापूंचा युक्तिवाद शास्त्रशुद्ध आहे, आणि चाळीसच्या आसपास अश्वशक्ती असलेल्या पन्नाशीच्या गाडीला कलण्याइतक्या वेगाने वळणावर नेऊन दाखविणारा कोणी निघाला, तर त्याची प्रचीतीही येईल.

या विषयावर राज्यकर्त्यांची मती सर्वत्र सारखीच चालते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात तरुणांनी गाड्या खाली उतरविण्याचा सपाटा लावला, तेव्हा 1958 साली तेथील सरकारने असा कायदा अंमलात आणला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळाखाली येता कामा नये. त्यावर पुढच्याच वर्षी एका तरुणाने आपल्या गाडीत हायड्रॉलिक पंप बसविले. शिपाई दिसला की गाडी वर, पाठमोरा झाला की खाली. हे निर्बंध तेथे 2024 च्या आरंभी उठले. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहे, त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली दिलेला निवाडा आहे, आणि विनापरवाना केलेल्या प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूदही आहे. तथापि नोंदणीच्या दाखल्यात चाकांमधील अंतर, रिकामे वजन आणि आसनसंख्या यांना रकाने असले, तरी पोट जमिनीपासून किती वर असावे याला रकाना आढळत नाही, असे सांगून जावईबापूंनी आमचे तोंड बंद केले. ते वकील नाहीत. पण जावई आहेत.

पहिला प्रवास एका मुंजीचा. अंतर तीन किलोमीटर, गतिरोधक अकरा. शहराचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण गतिरोधकांच्या बाबतीत महाराष्ट्रातील यच्चयावत शहरे सगोत्र आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 सालीच लिहून ठेवले आहे की गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी तीन मीटर सत्तर सेंटिमीटर असावी, म्हणजे ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने येणारे वाहन त्यावरून सुखाने पार व्हावे. आमच्या रस्त्यावरील गतिरोधक हे डांबर उरले त्या दिवशी, उरले तितके, आणि ज्याच्या दारासमोर उरले त्याच्या दारासमोर निर्माण झालेले असून, त्यांचा आकार पाहता मुकादमाच्या मनात समाधी बांधण्याची कल्पना असावी. पहिल्याच गतिरोधकावर पोटाखालून असा आवाज आला की कुटुंबाने पैठणी सावरून रामनाम घेतले. त्यानंतर जावईबापूंनी प्रघात घालून दिला: गतिरोधक आला की सर्वांनी उतरावे, गाडी तिरपी घालून एकेक चाक चढवावे, आणि पलीकडे पुन्हा सर्वांनी आत बसावे. बैलगाडीच्या काळी घाट लागला की मंडळी अशीच उतरत. त्यांना पूर्वजांची आठवण म्हणून जे करता आले नाही, ते आम्ही अकरा वेळा केले. बटू आमच्याआधी पायी पोहोचला असता.

याच प्रवासात आमच्या चित्तात एक तजवीज स्फुरली आणि तिचा मसुदा आम्ही नगरपालिकेच्या आवक खिडकीत रीतसर दाखल केला. रस्ते मोजण्यासाठी मापनयंत्रे, सल्लागार आणि समित्या यांवर खर्च होणाऱ्या द्रव्याऐवजी नगर अभियंत्यांस एक खाली उतरविलेली पद्मिनी सरकारी वाहन म्हणून देण्यात यावी, आणि त्यांनी तीतून घरापासून कचेरीपर्यंत रोज जावे. उंच जीपगाडीत बसलेल्या मनुष्यास खड्डा ही अफवा वाटते. पद्मिनीत तो पंचनाम्यासह त्याच्या आसनाखाली हजर होतो. अर्जावर शेरा आला: ‘वाहन विभागाकडे अभिप्रायार्थ.’ वाहन विभागाचा अभिप्राय असा की सदर वाहन अभियंत्यांच्या दर्जास पुरेसे उंच नाही.

इकडे रस्ता वर येत होता. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढविण्याची जी परंपरा आहे, तिच्यामुळे आमच्या घराचा उंबरठा, जो वडिलांच्या वेळी रस्त्याहून दोन पायऱ्या उंच होता, तो आता रस्त्याहून अर्धी पायरी खाली गेला आहे, आणि पावसाळ्यात नगरपालिकेचे पाणी आमच्याकडे पाहुणचारास येते. म्हणजे एका बाजूने रस्ता वर्षानुवर्षे गाडीकडे येत होता, आणि दुसऱ्या बाजूने जावईबापूंनी गाडी रस्त्याकडे धाडली; त्यांची भेट कुठे ना कुठे व्हायची ती आमच्या फाटकात झाली. गेल्या मे महिन्यात, मुलीला माहेरी सोडून जावईबापूंनी गाडी आवारात ठेवली असता, त्या रात्री बाहेर नवा थर पडला. सकाळी गाडी बाहेर काढताना पुढची चाके चढावावर गेली, मागची आवारात राहिली, आणि पद्मिनीचे पोट नव्या डांबराच्या काठावर टेकले. ती पुढेही जाईना, मागेही येईना. दोन्ही दारे उघडून शेजाऱ्यांनी येण्याजाण्याची वाट तिच्यातूनच पाडली. दूधवाला अजूनही एका दाराने शिरून दुसऱ्याने निघतो.

यंदा ज्येष्ठ अधिक. कुटुंबाने जावईबापूंना निरोप धाडून विचारले की या खेपेस वाण काय द्यावे, चांदीचे निरांजन की तबक. उलट टपाली उत्तर आले. अनारसे तेहेतीसच असू द्यात, निरांजन नको. तीन टनी जॅक मिळाल्यास बरे.