कुठं लिहिलंय, दाखवा!

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर पंच कमिटीची तातडीची सभा भरली. विषय एकच, ड्रमसेट. तरुण संघानं वर्गणी काढून आणलेला हा ऐवज तीन आठवडे मागच्या खोलीत जुन्या सतरंजीखाली झाकून ठेवला होता. सतरंजीतून झांजेची एक कड बाहेर डोकावत होती आणि येणारा-जाणारा तिला बोट लावून ‘झंन्न’ करून जात होता. पाळकसाहेबही एकदा लावून गेले, पण ते मी पाहिलेलं नाही, असं आमचं ठरलं आहे.

सभेत सगळ्यात जास्त बोलले काका. काका म्हणजे आमचे ज्येष्ठ पंच, आणि त्यांचं हत्यार एकच : “बायबलात कुठं लिहिलंय, दाखवा!” माईक आला तेव्हा दाखवा, प्रोजेक्टर आला तेव्हा दाखवा, प्रभुभोजनाला एका प्याल्याऐवजी छोटे छोटे पेले आले तेव्हा तर दोन रविवार दाखवा. नादाब आणि अबीहू या अहरोनाच्या मुलांनी आज्ञा नसलेला अग्नी देवापुढं नेला आणि ते जागच्या जागी जळाले, हा दाखला ते असा देतात की ऐकणाऱ्याला करपल्याचा वास यावा.

काकांना नुसतं हसून मोकळं होण्यात अर्थ नाही. जे सांगितलं नाही ते उपासनेत आणायचं नाही, हा विचार जुना आणि कडक आहे. झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली स्वतः पट्टीचा वादक. त्याच्या सुधारणेत तिथल्या मोठ्या चर्चमधला ऑर्गन १५२७ साली मोडून काढला, गाणंही बंद झालं, ते परत यायला १५९८ उजाडलं. ज्याला वाजवता येतं त्यानंच वाद्य बाजूला ठेवलं, याला मी मानतो. शिवाय शहरातल्या काही मंडळ्यांतून हल्ली उपासनेला धूर सोडायचं यंत्र आलंय, तीन शब्दांचं गाणं चाळीस वेळा म्हणतात आणि मंडळी कडेनं उभी राहून मोबाईलवर व्हिडिओ काढते. तिथं काका असते तर मी त्यांच्या बाजूनं हात वर केला असता.

पण काका झ्विंग्लीच्या वाटेला जात नाहीत. ते म्हणाले, “आपली उपासना बायबलच्या नमुन्याबरहुकूम आहे. पेटी, तबला आणि गीतपुस्तक. स्कॉटिश पाद्रीसाहेबांनी घालून दिलेली घडी आहे ही, ती मोडायची नाही.”

आता मी सभेतच बायबल उघडलं. मिर्यामेच्या हातात डफ आहे. स्तोत्रांत झांजा आहेत, त्याही दणदणीत वाजणाऱ्या. दावीद राजा कराराच्या कोशापुढं नाचतो आणि ते बघून त्याची बायको नाक मुरडते. तिच्यात मला आमच्या कमिटीचे दोन सभासद दिसले. पेटी मात्र उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत कुठंही नाही. असेल कशी? तिचं पेटंटच पॅरिसमध्ये १८४२ साली निघालं. म्हणजे नमुना अक्षरशः धरायचा तर सतरंजीखालचा ड्रम बाहेर यायला हवा आणि पेटीनं सतरंजीखाली जायला हवं.

राहिले स्कॉटिश पाद्रीसाहेब. जॉन विल्सन मुंबईत उतरले १८२९ साली, मुंबईतच वारले १८७५ साली. १८४३ पासून ते ज्या फ्री चर्चचे होते, त्या चर्चनं मायदेशी उपासनेत वाद्याला मोकळीक दिली १८८३ मध्ये. तिथं ऑर्गनला हेटाळणीनं म्हणत ‘शिट्ट्यांची पेटी’. ग्लासगोच्या एका चर्चमध्ये १८०७ साली उपासनेत ऑर्गन वाजला, तर वरच्या मंडळानं तो बंद पाडला. १८६३ मध्ये एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये रॉबर्ट ली नावाच्या पाळकानं एक वाद्य आणून ठेवलं आणि त्यावरून रण पेटलं. ते वाद्य कुठलं? हार्मोनियम! काकांनी ज्या पेटीच्या बचावासाठी कंबर कसली आहे, ती तिथल्या काकांनी तेव्हा हाच प्रश्न विचारून अडवू पाहिली होती. आणि आजचं फ्री चर्च तर २०१० पर्यंत बिनवाद्यांची स्तोत्रंच गात होतं.

हे सगळं मी सभेत सांगितलं. काका विचलित झाले नाहीत. “तिकडं थंडी असते,” एवढंच म्हणाले.

मग मी शेवटचा खडा टाकून पाहिला. त्याच स्कॉटिश मंडळींच्या मते नाताळालाही बायबलचा आधार नव्हता, तिकडं पंचवीस डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. तेव्हा यंदा नाताळ रद्द करावा काय? खजिनदार खुर्चीतून अर्धे उठले. नाताळचं दान वर्षाच्या दिवाबत्तीचं बिल भागवतं. काका म्हणाले, “इतकं ताणायचं नसतं.”

म्हणजे किती ताणायचं याचं माप आहे तर! ते मी बरेच दिवस शोधत होतो. काकांच्या सोळाव्या वर्षापर्यंत जे आलं ते शास्त्र आणि त्यानंतर आलं ते खूळ, असा तो हिशेब आहे. माझंही माप फार वेगळं असेल असं नाही. प्रोजेक्टरवर मी अजून डोळे मिटूनच गातो.

बरं, जे स्पष्ट लिहिलंय त्याचं काय? पौलानं चार पत्रांत पवित्र चुंबन घेऊन एकमेकांना सलाम करायला सांगितलं आहे. आमच्याकडं हा नमुना कधी मोडला आणि कुणी मोडला, याची नोंद कुठल्याच इतिवृत्तात नाही, आणि तो परत आणा म्हणून काकांनीही अर्ज केलेला नाही. पाळल्या जाणाऱ्या नमुन्यांपैकी मला एकच खात्रीनं सांगता येतो. त्रोवसात पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं, तेव्हा युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्याबसल्या झोपी गेला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. आमच्या मधल्या तीन बाकांवर ही परंपरा दर रविवारी अखंड चालू आहे. सुदैवानं आमचं चर्च बैठं आहे.

याकोबाच्या पत्रात आणखी एक नमुना आहे. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला म्हणून त्याला चांगली जागा आणि गरिबाला ‘तिथं उभा राहा’, असं करू नका. परवाच्या रविवारी तिसऱ्या गीताला आमचे नगरसेवक आले. दोन्ही हातांत मिळून चार अंगठ्या. काका स्वतः उठून पुढं गेले, पहिल्या बाकावरच्या आजींच्या कानाशी वाकून म्हणाले, “आजी, तुम्ही मागं पंख्याखाली बसा.” आजींनी गीतपुस्तक मिटलं, पिशवी उचलली, गुडघ्यावर हात ठेवत उठल्या आणि मागं गेल्या. तो पंखा ईस्टरपासून बंद आहे. गीताचं दुसरं कडवं चालू होतं, कुणाचा सूर चुकला नाही. कुठं लिहिलंय, असंही कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी दुसऱ्या बाकावर होतो आणि नगरसेवकांना सरकायला जागा देत होतो.

सभेचा निकाल सांगायचा राहिला. ठराव असा झाला : ‘ड्रम हे वाद्य नवीन असल्याकारणाने तूर्त शास्त्रसंमत नाही. ते जुने झाल्यावर पुनर्विचार व्हावा.’ सूचक काका, अनुमोदक खजिनदार. सेक्रेटरींनी लिहिता लिहिता मान वर करून विचारलं, “किती जुनं झाल्यावर, तेही घालू का?”

काकांनी कोपऱ्यातल्या पेटीकडं पाहिलं. तिचा भाता दोन ठिकाणी चामड्याचं ठिगळ लावून सांधलेला आहे आणि मधला पंचम दाबला की वर येत नाही, पेटीवाले मामा तो नखानं उचलतात.

“एखादं ठिगळ तरी लागू दे त्याला,” काका म्हणाले.