‘चेंज’ चालवावे कसे?

‘चेंज’ हे इंग्रजी क्रियापद ज्यांना दिवसातून दहा वेळा लागते, पण रीतसर कोणी शिकवलेले नाही, अशा मौजा बिरसी, तालुका व जिल्हा गोंदिया येथील नागरिकांच्या सोयीसाठी ही मार्गदर्शिका काढण्यात येत आहे. कोण काढत आहे, हे विचारू नये. ‘काढण्यात येत आहे’ एवढे पुरे. का पुरे, ते पुढे येईलच.

पूर्वतयारी

वाचकाने दहावीचा इंग्रजीचा पेपर दिलेला असावा. पास झालेला असावा असा आग्रह नाही. मराठी मुलाची आणि या क्रियापदाची खरी गाठ त्या पेपरातच पडते, आणि तीही आज्ञार्थात: ‘चेंज द व्हॉइस’. मुलगा निमूटपणे चेंज करतो. ‘कोणीतरी माझा पेन चोरला’ अशा अर्थाचे वाक्य उलटवून ‘माझा पेन चोरला गेला’ करायचे आणि शेवटी ‘बाय समवन’ जोडायचे. तेवढ्यात सर सांगतात, कर्ता कोण ते ठाऊक नसेल किंवा महत्त्वाचे नसेल तर ‘बाय समवन’ गाळा, मार्क कटत नाही. पोरगा आनंदाने गाळतो. पेन गेला, चोर गेला, वाक्य मात्र व्याकरणशुद्ध उरले. वर्गातली काही पोरे पुढे सरकारी नोकरीला लागतात आणि उरलेली तीस वर्षे त्याच एका प्रश्नाचे उत्तर लिहीत राहतात.

क्रियापदाचा स्वभाव

इंग्रजीत ‘चेंज’ दोन्ही अंगांनी चालते. माणूस वस्तू चेंज करतो आणि वस्तू आपोआपही चेंज होते, रूप एकच. आपले ‘बदलणे’ही तसेच आहे, तेव्हा उगाच इंग्रजीच्या नावाने बोटे मोडू नयेत. ‘वेळ बदलली’ म्हटले की भागते. कोणी बदलली ते सांगायची सक्ती मराठीतही नाही. पण मराठीला एक खोड आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापदाचा कर्ता वाक्यात आलाच, तर त्याच्या पाठीला बहुधा ‘ने’ नाहीतर ‘नी’ चिकटतो आणि तो लांबून ओळखू येतो. ‘साहेबांनी वेळ बदलली’ हे वाक्य घ्या. क्रियापद वेळेच्या मागे गेले, वेळ स्त्रीलिंगी म्हणून तेही ‘बदलली’ झाले, पण साहेब आपल्या ‘नी’सकट जागच्या जागी उभे. याला कर्मणी प्रयोग म्हणतात. मोरो केशव दामल्यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोगांचा काथ्याकूट भरपूर आहे, हौस असेल त्याने पाहावा. आपल्याला कामापुरते एवढेच हवे, की साहेब सापडतात.

‘चेंज’ला मात्र मराठीत स्वतःचे पाय नाहीत. त्याला ‘करणे’ किंवा ‘होणे’ यांपैकी एकाच्या खांद्यावर बसूनच फिरावे लागते. कोणता खांदा निवडायचा, यात सगळी विद्या आहे.

खांद्याची निवड

ढोबळ नियम असा. काम चांगले असेल आणि फोटो निघणार असेल, तर ‘केले’. काम अंगाशी येणार असेल, तर ‘झाले’. चांगले की वाईट ते अजून ठरायचे असेल, तर ‘करण्यात आले आहे’. हा तिसरा प्रकार मी सर्वांत वरचा मानतो. ‘वेळेत बदल करण्यात आला आहे’ या वाक्यात करणे आहे, येणे आहे, असणेही आहे. तीन-तीन क्रियापदे राबत आहेत आणि माणूस एकही नाही. त्यापुढे ‘होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असे जोडले की आणखी बहार येते, कारण बदल करताना कोणी नव्हते, दिलगीर व्हायला मात्र ‘आम्ही’ हजर.

पूर्व विदर्भातल्या वाचकाला आणखी एक सोय उपलब्ध आहे, जी पुण्या-मुंबईकडच्यांना नाही. ती म्हणजे ‘होऊन राहिलं’. 

‘गाडीचा टाइम चेंज झाला काय?’

‘होऊन राहिला ना भाऊ.’

यात झालेही नाही आणि व्हायचेही नाही, नुसते होऊन राहिले आहे. कितीही वर्षे होऊन राहू शकते. रस्ते, पूल, पुनर्वसन अशा विषयांवर बोलताना याच रूपाचा वापर करावा. नंतर कोणी तारीख मागत नाही.

घरगुती वापर

घरात हे क्रियापद निरुपद्रवी असते. ‘मी जरा चेंज करून येतो’ म्हणणारा गृहस्थ पाच मिनिटांत लुंगीवर बाहेर येतो आणि याहून मोठ्या परिवर्तनाची त्याच्याकडून कोणी अपेक्षाही ठेवत नाही. सुट्ट्या पैशांना ‘चेंज’ म्हणू नये. आपल्याकडे चिल्लर हा शब्द आहे आणि कंडक्टरला तोच कळतो. कंटाळा आला की ‘थोडा चेंज पाहिजे’ म्हणून नागझिऱ्याला किंवा नवेगावबांधला जाऊन यावे. 

लग्नघरात मात्र जपून. ताटात तांदूळ पसरून अंगठीने त्यावर नवरीचे नवे नाव लिहितात. कालपर्यंत एका नावाने हाक मारली की वळणारी मुलगी उद्यापासून दुसऱ्या नावाला ‘ओ’ देणार असते. बाया विचारतात, ‘नाव चेंज झालं का?’ झालं. अंगठी नवऱ्याच्या हातात, तांदूळ सासरचा, नाव बहुधा सासूच्या पसंतीचे, आणि तरीही ‘झालं’. पुढे आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि राजपत्रातली जाहिरात यांसाठी त्या मुलीला जे हेलपाटे पडतात, ते मात्र तिलाच ‘करावे’ लागतात. 

रेल्वेत मूळ इंग्रजी अर्थ अजून शाबूत आहे. बालाघाटकडे जायचे तर गोंदियाला गाडी चेंज करायची, एवढा साधा व्यवहार. पूर्वी तिथून छोटी लाइन होती. पुढे तिची मोठी झाली. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाला येऊन थांबते. तीत बसलेला माणूस गाडी चेंज करत नाही. पण पंचगंगेकाठचे ‘काय करालायस’ बाहेरच्या फलाटांवर हळूहळू ‘काय करून राहिला बे’ होत जाते, आणि हा बदल कोणी केला म्हणून रेल्वेकडे तक्रार गेल्याचे ऐकिवात नाही.

जिथे हे क्रियापद वापरू नये

शेतात. मृगात परे टाकतात, मग उपटून बांधीत रोवतात. इतक्या रोपांची घरे एका दिवसात बदलतात, पण त्याला कोणी ‘शिफ्टिंग’ म्हणत नाही, रोवणीच म्हणतात. धान गिरणीत जातो आणि तांदूळ होऊन येतो. सरकारी भरडाईत हिशेब पक्का असतो: एक क्विंटल धान दिला की ६७ किलो कच्चा तांदूळ परत यायला हवा. तेंदूच्या पानाची बिडी होते. रूप, रंग, वजन, भाव, सगळे पालटते, तरी ‘चेंज’ कोणाच्या तोंडी येत नाही. कारण करणारा समोर दिसतो: चिखलात वाकलेली बाई, गिरणीचा मालक, बिडी वळणारी बोटे. हिशेबात दोन किलो कमी भरले तर कोणाच्या दारात जायचे, हे सगळ्यांना ठाऊक असते.

बिरसीसाठी विशेष सराव

गावाच्या इतिहासावर हात बसवून घ्यावा, म्हणजे क्रियापद पक्के होते. 

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी इथे धावपट्टी केली. इथे ‘इंग्रजांनी’ लिहायला हरकत नाही; ते गेले आहेत. समजा, त्याच साली गावात एक मुलगी जन्मली. तिचा पत्ता तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड. १९५० साली तो मध्य प्रदेश झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. जिल्हा तोवर भंडाराच होता. १ मे १९९९ रोजी तोही गोंदिया झाला. बाई उंबऱ्यातून उठली नाही, चूल हलली नाही, तरी पाकिटावरचे नाव चार वेळा चेंज ‘झाले’. संयुक्त महाराष्ट्रासाठी लढलेल्यांना या ‘झाले’चा राग येईल आणि तो रास्त आहे. तिथे खरे तर ‘केला’ हवे. पण आपण सराव करत आहोत, आणि सरावात भावनेला जागा नाही.

धावपट्टीचेही तसेच. ती आधी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती, मग एमआयडीसीकडे आली, मग भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल २००४ ते २०११ या काळात केंद्रात नागरी विमान वाहतूक खात्याचे मंत्री होते, तेव्हा बिरसीत ‘केले’ या रूपाचे पीक जोमात आले. धावपट्टी लांबली, वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले, आणि दिवसभर लहान विमाने धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालू लागली. निंदणाऱ्या बायांनी पहिले काही दिवस कपाळाला आडवा हात लावून वर पाहिले, मग पाहणे सोडून दिले.

आता मुख्य धडा. १३ मार्च २०२२ रोजी फ्लायबिग कंपनीची इंदूर–गोंदिया–हैदराबाद विमानसेवा सुरू झाली. त्या सुमाराची भाषा आठवून पाहावी: सेवा सुरू केली, स्वप्न साकार केले, जिल्हा देशाशी जोडला. ‘केले’ म्हणायला इतके जण पुढे आले की विमानात त्यांनाच जागा पुरली नसती. काही महिन्यांत ती सेवा बंद झाली. बंद ‘झाली’. कोणी बंद केली असे म्हणायला एकही जण पुढे आला नाही. मग १ डिसेंबर २०२३ रोजी इंडिगोचे विमान हैदराबाद आणि तिरुपतीच्या मार्गावर निघाले, आणि ‘केले’ पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसले. धावपट्टी तीच, आकाश तेच. विमान चढताना सकर्मक आणि उतरताना अकर्मक, हा नियम इतका स्वच्छ दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही. त्यासाठी भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सहल इथे न्यावी.

याच धड्याचा अवघड भाग जमिनीवर आहे. विमानतळ वाढायचा तर जमीन लागते. ती ‘संपादित करण्यात आली’. घरे ‘बाधित झाली’. माणसे ‘प्रकल्पग्रस्त झाली’. प्रकल्प म्हणजे जणू साथीचा रोग, कोणाला कधी होईल सांगता येत नाही. आणि पुनर्वसन? ते होऊन राहिले. बिरसीच्या प्रकल्पग्रस्तांची निवेदने आणि आंदोलने वर्षानुवर्षे बातम्यांत येत राहिली, आणि दर बातमीत ‘शिफ्ट’ हा चेंजचा चुलतभाऊ भेटत राहिला. कपाट शिफ्ट करतात तेव्हा दोघे जण दोन बाजूंनी धरतात. गाव शिफ्ट होते तेव्हा कोणी कुठून धरले आहे ते दिसत नाही. एवढेच दिसते, की विहीर, देवळाचा पार आणि चिंचेचे झाड यांना उचलायला कोणी आलेले नाही.

पर्यायी शब्द

ज्यांना ‘चेंज’ पचत नाही त्यांच्यासाठी महसूल खात्याने फार जुना शब्द ठेवला आहे: फेरफार. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. या शब्दाशी ‘झाले बुवा’ चालत नाही. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, विकून गेली की वारसाने, कोणत्या तारखेला, हे सगळे लिहावे लागते. हितसंबंध असणाऱ्यांना नमुना नऊची नोटीस द्यावी लागते, हरकत घ्यायला पंधरा दिवस द्यावे लागतात, आणि मग मंडळ अधिकारी सही करतो. तेव्हा कुठे तो बदल सातबाऱ्यावर चढतो. बदलाला नाव, कारण, तारीख आणि सही मागणारी इतकी उद्धट व्यवस्था मराठीत दुसरी नाही. भाषणांनाही हा नमुना लावावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

नोंद घेणाऱ्याचे नाव मात्र चेंज होत गेले. आपल्याकडे तो पटवारी, सरकारी कागदात तलाठी, आणि अलीकडे ग्राम महसूल अधिकारी. गाव अजून पटवारीच म्हणते. नोंदवहीही आता ई-फेरफार झाली आहे, म्हणजे संगणकात. त्यामुळे पुढील संवाद पाठ करून जावे, कामाला येतो.

‘साहेब, माझ्या फेराचं काय झालं?’

‘सिस्टिममध्ये थोडा चेंज झाला आहे. पुढच्या आठवड्यात या.’

‘कोणी केला?’

‘कोणी नाही हो. सर्व्हरचं आहे.’

‘मग सर्व्हरच्या नावानं नोटीस काढा. पंधरा दिवसांत हरकत घेतो.’