पडलेले सेशन कसे उठवावे

प्रस्तुत मार्गदर्शन शिरूर व दौंड या दोन तालुक्यांपुरते आहे. इतर तालुक्यांतल्या ब्राउझरांनी आपापल्या जबाबदारीवर पडावे.

प्रथम व्याख्या. ज्या घरात एक भाचा संगणकावर पोट भरतो आणि एक मामा कांदा पिकवतो, त्या घरात कधी ना कधी एक स्क्रिप्ट जन्माला येते. ती रात्री नऊला आपणहून क्रोम उघडते, बाजारभावाच्या संकेतस्थळावर जाते, यादीतून कांदा निवडते, तक्ता उतरवून घेते आणि शिरूर व दौंड-केडगाव या दोन बाजारांची आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर मामांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. आमच्या मामांची जमीन न्हावरे-चौफुला रस्त्याला, पारगावच्या अंगाला. पिकअप बांधावरून रस्त्याला लागला की एका हाताला शिरूर, दुसऱ्या हाताला केडगाव. बराखीतला कांदा कुठल्या हाताला वळवायचा, एवढाच प्रश्न. त्यासाठी पायथन, सेलेनियम, क्रोमड्रायव्हर आणि क्रोम अशी चौघांची नेमणूक केलेली आहे. यातलं कुणीही एक रुसलं की सेशन पडलं असं म्हणतात.

नियम पहिला. सेशन पडल्यास सर्वप्रथम वीज पाहावी. राउटरचा दिवा विझलेला असल्यास पुढील नियम वाचू नयेत.

नियम दुसरा. आवृत्त्या जुळवून पाहाव्यात. क्रोम कुणाला न विचारता अद्ययावत होतो. त्याला चालवणारा क्रोमड्रायव्हर मात्र ठेवला तिथे बसून असतो. एके रात्री दोघांचे आकडे जुळेनासे होतात आणि ‘सेशन नॉट क्रिएटेड’ असा निरोप येतो. हा ड्रायव्हर अमुक आवृत्तीच्याच क्रोमला चालतो, हे त्या निरोपातच लिहिलेलं असतं. पण तांबडी अक्षरं वाचायची नसतात, उचलून गुगलमध्ये टाकायची असतात, हा आमच्या धंद्याचा कुळाचार. २०२३ च्या मध्यात, ११४ व्या आवृत्तीनंतर, ड्रायव्हर मिळण्याची जागाच बदलली. जुन्या पत्त्यावर जाणारे ११४ उतरवून आणतात आणि पुन्हा तोच निरोप घेतात. वास्तविक नोव्हेंबर २०२२ मधल्या सेलेनियम ४.६ पासून योग्य ड्रायव्हर शोधून आणायचं काम सेलेनियम स्वतः करतं. फक्त PATH मधल्या कुठल्या तरी फोल्डरात जुना ड्रायव्हर पडलेला नसावा. तो वाटेत दिसला की सेलेनियम त्यालाच धरतं. तेव्हा आधी तो शोधून पुसावा. हा उपाय खरा आहे. या लेखात असे तीन-चार निघतील, ते ज्याचे त्याने वेचावेत.

नियम तिसरा. सेशन का पडले, हे मामांना सांगू नये.

या नियमाला सविस्तर भाष्य लागतं. तांत्रिक बिघाड असं काही जगात असतं, यावर मामांचा विश्वास नाही. रात्री साडेनऊला फोन येतो, “काय म्हणतंय तुझं मशिन?” आपण म्हणतो, “मामा, टाइमआउट झालं. पान उघडायलाच वेळ लागतोय.” पलीकडे शांतता. मग, “म्हणजे सगळेच बघायला लागलेत. काहीतरी झालंय. उद्या भरायचा नाही माल.” आणि गंमत म्हणजे काहीतरी झालेलं असतं. निर्यातीची काही बातमी आली की लासलगावपासून सोलापूरपर्यंत सगळे एकाच वेळी भाव बघायला धावतात आणि पान दमतं. मी रात्रभर टाइमआउटची मुदत वाढवत बसतो. मामा त्याच टाइमआउटवरून बाजार वाचून निवांत झोपलेले असतात. ‘सेशन एक्सपायर’ झालं की त्यांच्या मते व्यापाऱ्यांनी काहीतरी दाबून ठेवलंय. तक्ता अर्धाच आला तर आवक तुटलीय. एकदा बोलता बोलता मी त्यांना ‘स्टेल एलिमेंट’चा अर्थ सांगितला: आपण धरून ठेवलेली ओळ पान ताजं होताना नाहीशी होते, आपल्या हातात जुनीच राहते. मामा म्हणाले, “हां, म्हणजे कालचा भाव.” इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या मॅन्युअलात वाचलेलं नाही.

नियम चौथा. पडलेल्या सेशनचा पंचनामा केल्याशिवाय ते पुन्हा सुरू करू नये. पडल्या क्षणीचा स्क्रीनशॉट आणि पानाचा सोर्स जपून ठेवायची दोन ओळींची तरतूद स्क्रिप्टमध्ये असावी. निम्म्या वेळा त्या चित्रात दिसतं ते असं, की ब्राउझर धडधाकट उभा आहे, फक्त तक्ता अजून यायचाय. पान आधी येतं, आकडे मागाहून जावास्क्रिप्ट आणते. त्यावर पाच सेकंद झोपायची ओळ टाकणं हा आळशी उपाय. तक्त्याची पहिली ओळ दिसेपर्यंत थांब, असं सांगणं हा बरा.

नियम पाचवा. तक्ता रिकामा येणे आणि तक्ता न येणे यांत फरक करावा. मार्चअखेरीला बाजार समित्या हिशेबासाठी बंद असतात. सणाला असतात, हमालांचा संप असला की असतात. नाशिककडे तर अमावास्येला कांद्याचा लिलाव न ठेवण्याची जुनी चाल होती. अशा दिवशी रिकाम्या तक्त्यावर स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा डोकं आपटत राहते. कोडात पंचांग घालावं. मी घातलंय, आणि कोड तपासायला घेतलेल्या पुण्यातल्या मित्राने ‘हे काय आहे?’ अशी टिप्पणी लिहून ठेवलीय. तो भाजी ऑनलाइन मागवतो, त्याला काय कळणार.

नियम सहावा. आपण कोणत्या शिरूरला आलो, हे पाहावे. महाराष्ट्रात बीडला शिरूर कासार आहे, लातूरला शिरूर अनंतपाळ आहे आणि आपलं घोडनदीचं शिरूर आहे. शिवाय रु ऱ्हस्व की दीर्घ, यावर सगळ्या याद्यांचं एकमत नाही. माणसाच्या डोळ्याला दोन्ही एकच. स्क्रिप्टला मात्र दुसरं शिरूर सापडतच नाही. बाजाराच्या नावातली संयोगचिन्हं आणि मागेपुढे लटकणाऱ्या मोकळ्या जागा आधी छाटाव्यात, ऱ्हस्व-दीर्घ एक करावं आणि मग तुलना करावी.

नियम सातवा. ब्राउझरला निरोप नीट द्यावा. ‘क्लोज’ म्हटल्याने खिडकी मिटते, सेशन मिटेलच असं नाही. त्यासाठी ‘क्विट’ म्हणावं लागतं, आणि तेही मध्येच चूक झाली तरी म्हटलं जाईल अशा जागी. नाहीतर मागे राहिलेले क्रोम पंगती उठल्यावरही मांडवात बसलेल्या पाहुण्यांसारखे मेमरी खात राहतात आणि आठवड्याने नवीन क्रोमला पाय ठेवायला जागा उरत नाही. डॉकरमध्ये चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की तिथे सामायिक मेमरी मुळात ६४ एमबीच दिलेली असते. टॅब कोसळतो तो बहुतेक वेळा तिथेच.

नियम आठवा. भाव अविश्वसनीय वाटला तरी विश्वास ठेवावा. हुशार माणूस स्क्रिप्टमध्ये अट घालतो, की एका दिवसात दर फारच पडलेला दिसला तर तो वाचण्यातला दोष समजावा आणि नवं सेशन उघडावं. पुस्तकात ही अट शोभते. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. बाजार कोसळले, नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले. त्या आठवड्यात ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये अशी अट होती, त्यांचे ब्राउझर खरा भाव नाकारत राहिले असणार. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पुरतं जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. एवढ्या काळात क्रोमच्या किती आवृत्त्या आल्या आणि गेल्या. त्यातल्या एकीनेही मामांचं इतकं नुकसान केलं नाही.

नियम नववा. सभ्यता सोडू नये. १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी robots.txt या नावाच्या फाइलची प्रथा सुचवली; यंत्रांनी कुठे यावं, कुठे येऊ नये, हे संकेतस्थळाने दारावरच लिहून ठेवायचं. ती पाटी वाचावी. लिलाव दर मिनिटाला होत नाही, मग दर मिनिटाला जाऊन बघायचं काय? रात्रीतून एकदा पुरतं. कॅप्चा आला तर तो फोडायच्या युक्त्या शोधू नयेत. घरमालक बस झालं म्हणतोय, आपण उठावं.

नियम दहावा. ब्राउझरच वापरू नये. केंद्र सरकारचं अ‍ॅगमार्कनेट २००० सालापासून आहे. बाजार समित्यांनी भरलेले त्यातले रोजचे भाव सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलवर एपीआयने मिळतात. नोंदणी करून किल्ली घ्यायची, एक विनंती पाठवायची, आकडे हजर. क्रोम नाही, ड्रायव्हर नाही, सेशनच नाही म्हटल्यावर पडणार काय? समितीने आकडे भरले नाहीत तर तिथेही काही दिसत नाही, पण तो दोष निदान आपला नसतो. हे पहिल्या नियमातच का सांगितलं नाही, असं कुणी विचारेल. मग बाकीचे नऊ कुठे छापायचे?

नियम अकरावा, खास दौंड तालुक्यासाठी. मामा माल केडगावलाच नेणार, हे धरून चालावे.

शिरूरचा दर क्विंटलमागे दीडशेने जास्त असला तरी. एकदा मी सरळ विचारलं. म्हणाले, “आरं, आडतदाराकडून पोरीच्या लग्नात उचल घेतली होती. फिटली कधीचीच. पण आता कसं सोडायचं?” शिवाय तिथला हमाल गोल्टी आणि बदला कांदा त्यांच्या मनासारखा निवडतो, हिशेबाची पट्टी दुपारच्या आत हातात मिळते, आणि चौफुल्याला थांबून चहा घ्यायचा शिरस्ता आहे. यातलं काहीच तक्त्यात येत नाही आणि येण्याची शक्यताही दिसत नाही.

तरी आकडे रोज पाठवावेत. आधी शिरूरचे, मग केडगावचे, याच क्रमाने. शिरूरचा दर कमी असला की मामा मामींना मोठ्याने वाचून दाखवतात. जास्त असला तर शिरूरला तोलाई कशी धरतात, यावर बोलतात. आणि ज्या रात्री मेसेज जात नाही, त्या रात्री साडेनऊचा फोन पहिल्या रिंगला उचलावा, कारण भाव विचारून झाला की जेवलास का, रात्रपाळी आहे का, तिकडं पाऊस आहे का, एवढं सगळं बोलणं व्हायचं असतं.

सध्या स्क्रिप्ट बरी चाललीय. काल मामांचा मेसेज आला, की पारगावातल्या चौघांना तुझा नंबर दिलाय, त्यांना लसूण आणि डाळिंबाचेपण भाव पाहिजेत. त्यातल्या एकाचा माल सोलापूरला जातो.