अनाथ पॅकेज कसे ओळखाल? (हात न लावता)

आंबवड्याला सुट्टीवर आलात. नागेश्वराचं दर्शन झालं, संस्थानकाळातल्या झुलत्या पुलावर फोटोही काढून झाला. आता दुपार रिकामी आहे. लॅपटॉप उघडा आणि थोडी समाजसेवा करा.

डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टीम १९९३ पासून स्वयंसेवक चालवतात. २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांवर पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, होती. एवढ्या गोतावळ्यात काही पोरकी असणारच. आपण ती सांभाळायची नाहीत, फक्त शोधायची. सांभाळायला घेतलं की रविवार जातो.

१. जाहीर अनाथांच्या वाटेला जाऊ नका. 'आता मला जमत नाही' असं सांभाळणाऱ्याने, म्हणजे मेंटेनरने, कळवलं की पॅकेज रीतसर अनाथ ठरतं आणि त्याच्या जागी गुणवत्ता बघणाऱ्या क्यूए गटाचं नाव लागतं. तुमच्या मशीनवरची कोणती पॅकेजं अनाथ आहेत हे सांगणारा 'हाऊ-कॅन-आय-हेल्प' नावाचा प्रोग्रॅमसुद्धा आहे. मग त्यात तुमचं कसब ते काय! खरी गंमत जिथे नाव लागलेलं आहे तिथे. आमच्या ओढ्याकडच्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबा आहेत. ते माझ्या जन्माआधीच गेले. पण कागद बघा, भोगवटादार हजर आहे.

२. चेंजलॉगमधली सगळ्यात वरची तारीख बघा. आवृत्तीच्या शेपटाला '.१' लागलेला असेल तर मेंटेनर सोडून दुसरंच कुणीतरी डागडुजी करून गेलंय. '.२', '.३' दिसले तर समजा, शेजारीच येऊन गुरांना पाणी पाजून जातायत.

३. तक्रारी चाळा. नुसती जुनी तक्रार काही कामाची नाही. तक्रारीला तयार पॅच जोडलेला हवा, आणि त्याखाली दरवर्षी एकजण 'मलाही हाच त्रास' लिहून गेलेला हवा. हा अस्सल माल. तुम्हीही एक ओळ लिहा आणि चहाला उठा.

४. आवृत्तीच्या आकड्यावर दोन मतं बाळगा. जीएनयूच्या साठ्यातला अॅस्पेल या शुद्धलेखन-तपासनीसाचा मराठी शब्दकोश ०.१०-० वर आहे, म्हणजे अजून एकाच्याही आत. सोमवारी म्हणा, 'शब्दांची यादीच ती, घर कालही घरच होतं. काम पूर्ण झालंय.' मंगळवारी कुणी 'घरातल्यांनासुद्धा' लिहिलं की म्हणा, 'मराठीचे प्रत्यय एकावर एक चढतात, यादी पुरणार कशी? घोर दुर्लक्ष!' दोन्ही वाक्यं खरी आहेत, त्यामुळे तुम्ही कधीच चुकत नाही.

५. मेंटेनरबद्दल हळहळा. बिचाऱ्याची नोकरी बदलली असेल, घरी बाळ आलं असेल. बेपत्ता मेंटेनरांची चौकशी करणारा वेगळा गट डेबियनमध्ये आहे. तो आधी गोड शब्दांत विचारतो, मग टोचतो, मग शेवटचा इशारा देतो. त्याला नाव कळवलंत की तुमचं कर्तव्य संपलं.

६. तगादा मात्र जपून लावा, कारण या कलेत आपल्याहून तरबेज लोक होऊन गेलेत. एक्सझेड हे फायली आवळून लहान करणारं पॅकेज. सांभाळणारा एकटा आणि दमलेला. २०२२ साली त्याला अनोळखी नावांनी पत्रं येऊ लागली: काम रखडलंय, जोडीला कुणीतरी घ्या. भाषा अगदी तिसऱ्या कलमात तुम्हाला शिकवली तशीच. जोडीला 'जिया तान' नावाचा गुणी मदतनीस तयारच होता. पॅच वेळेवर, बोलणं नम्र. हळूहळू किल्ल्या त्याच्या हाती गेल्या, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांतून चोरदरवाजा बाहेर पडला. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा अभियंता डेबियनच्या अस्थिर शाखेवर भलतीच चाचणी करत होता. एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढंच त्याला खटकलं. तो खोदत गेला म्हणून सगळं बाहेर आलं. तुम्ही आम्ही अर्ध्या सेकंदासाठी रेंजला शिव्या घातल्या असत्या.

७. एवढं होऊनही पॅकेज स्वतःच घ्यायची हुक्की आलीच, तर २०१८ पासून त्याचीही वाट आहे. 'मी हे वाचवू इच्छितो' अशी नोंद करायची आणि २१ दिवस थांबायचं. मेंटेनरने हरकत घेतली तर तुमचा बेत बारगळला. घाबरू नका, सहा वर्षं गप्प असलेला माणूस विसाव्या दिवशी हमखास उगवतो आणि लिहितो, 'माझं लक्ष आहे.'

आमच्या त्या तुकड्याच्या वारसनोंदीचं एकदा मनावर घेतलं होतं. अर्ज भरून तयार, फक्त सह्या बाकी. मुंबईचे चुलते वीस वर्षांनी पहिल्यांदा गावात आले. बांधावर उभे राहून म्हणाले, 'घाई कसली रे, माझं लक्ष आहे इकडे.' आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेले. अर्ज कपाटात आहे.